इस्टिमेटच्या आधीचं पान

९ डिसेंबर २०२० ची सकाळ. कोथरूडच्या महात्मा सोसायटीच्या परिसरात एक रानगवा शिरला. बातमी पसरायला वेळ लागला नाही. बघता बघता गल्ल्या माणसांनी भरल्या, आरडाओरडा सुरू झाला, आणि तो बिथरलेला जीव वाट मिळेल तिकडे पळत, भिंतींना धडकत राहिला. शेवटी भुलीचं इंजेक्शन देऊन, दोर लावून त्याला गाडीत घातलं. त्याच दिवशी तो मेला.

तेरा दिवसांनी, २२ डिसेंबरला, पाषाण-बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी आधी माणसं हटवली गेली. वनखातं, पोलिस आणि अग्निशामक दल एकमेकांशी बोलून उभे राहिले, गर्दी लांब ठेवली, जनावराला एक बाजू मोकळी सोडली. तो आपल्या पायांनी जंगलाकडे गेला.

मधल्या तेरा दिवसांत वन्यजीव संरक्षण कायद्यातला एक शब्दही बदलला नव्हता. खातीही तीच होती आणि शहरही तेच. बदललं ते इतकंच, की शहर सांभाळणारी माणसं आणि जंगल राखणारी माणसं आधी ठरवून एकत्र उभी होती. ती दोन दृश्यं अजून माझा पिच्छा सोडत नाहीत. पुण्यातलं एरवीचं निसर्गरक्षण पहिल्या गव्याच्या पद्धतीनं चालतं: आधी व्हायचं ते होऊन जातं, मग धावाधाव, मग न्यायालय. दुसऱ्या गव्याची पद्धत आपल्याला जमते हे एकदा दिसलेलं आहे. ती रोजच्या कारभारात का उतरत नाही, यावर मला बोलायचं आहे.

मी वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहते. शहरातली ही सर्वांत उंच टेकडी. तिच्यावरून तासभर चाललं तर पायाखालची जमीन कधी वनखात्याची असते, कधी महापालिकेची, कधी खासगी मालकाची. पावसाचं पाणी मात्र या सगळ्यांवरून वाहत एकाच नाल्याला येऊन मिळतं. उन्हाळ्यात गवत वाळलं की टेकडी पेटते. हद्दीच्या एका बाजूला जाळरेषा (आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढलेली आणि दुसऱ्या बाजूला गुडघाभर वाळकं गवत तसंच, असं मी अनेकदा पाहिलं आहे. आग विझवायला धावतात ते बहुतेकदा फिरायला आलेले लोक, हातात हिरव्या फांद्या घेऊन. दोन्ही हद्दींच्या जाळरेषा एकाच आठवड्यात निघायला हव्यात, एवढी साधी गोष्ट आहे ही. त्यासाठी कायदा नको, मोठा निधी नको. होळीच्या आधी एक बैठक हवी.

दोष एकाच बाजूचा असता तर सोपं होतं. महापालिकेला टेकडी दिसते ती रस्ता, बोगदा, पाण्याची टाकी यांची जागा म्हणून. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि वेताळ टेकडीखालचे बोगदे यांच्यावरचा वाद पुणेकरांना पाठ आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी हजारो माणसं रस्त्यावर उतरली. पण राखणदारांनाही टेकडी नीट दिसली आहे असं नाही. पुण्याच्या टेकड्यांवर सरकारी वनीकरणात गिरीपुष्प लावलं गेलं. बाहेरून आलेलं झाड, मुरमाड जमिनीतही झपाट्यानं वाढणारं. उद्दिष्ट हिरवाईचं होतं आणि हिरवाई झालीही. पण ज्या उतारांवर गवत आणि त्यात घरटी करणारे चंडोल होते, तिथे आज एकाच जातीची गर्दी आहे. या टेकड्यांवर गुरं चारणाऱ्या जुन्या माणसांना लागवडीआधी कुणी विचारलं असतं, तर कुठे गवत राखायचं आणि कुठे झाड लावायचं हे त्यांनी बोट दाखवून सांगितलं असतं.

म्हणजे निसर्ग राखणारं खातं विरुद्ध विकास करणारी पालिका, असा हा सामना नाही. दोघंही एकमेकांना विचारत नाहीत आणि तिथे राहणाऱ्याला तर कुणीच विचारत नाही, हे खरं दुखणं आहे.

यावर उत्तर म्हणून झाडतोडीच्या परवानग्या पाहणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाकडे बोट दाखवलं जातं. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी झाडांसाठी कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली, पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, दोनशे किंवा त्याहून जास्त झाडं तोडायची असतील तर प्रकरण राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे जाईल अशी तरतूद तेव्हा झाली. चांगलं झालं. पण हा कायदा झाड मोजतो. गवत मोजत नाही, ओढा मोजत नाही, नदीकाठचा पाणथळ पट्टा मोजत नाही. आणि झाडाचा प्रश्न प्राधिकरणासमोर येतो तेव्हा रस्त्याची आखणी झालेली असते, निविदा निघालेली असते, कंत्राटदार नेमलेला असतो. त्या टप्प्यावर हरकत घेणाऱ्या नागरिकाला एवढंच विचारता येतं, की किती झाडं तोडणार आणि किती लावणार. रस्ता इथूनच का, हे विचारण्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते.

वेळेचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरकारी कामाची एक ठरलेली वाट आहे. कुणीतरी काम सुचवतं, कनिष्ठ अभियंता जागा बघून इस्टिमेट, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, करतो, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रकात तरतूद, निविदा, कार्यादेश. निसर्गाचा विचार या वाटेवर येतो तो अगदी शेवटी, ना हरकत प्रमाणपत्राच्या रूपात. तोवर पैसा, प्रतिष्ठा आणि वेळ इतका गुंतलेला असतो की नाही म्हणणारा अधिकारी अडथळा आणणारा ठरतो. तेच मत इस्टिमेटच्या आधी आलं असतं तर त्याला सल्ला म्हटलं गेलं असतं.

आपल्याकडे यासाठी यंत्रणा नाही असंही नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत. समितीनं लोकांना बरोबर घेऊन लोक जैवविविधता नोंदवही करायची: आपल्या हद्दीत काय उगवतं, काय राहतं, त्याबद्दल लोकांना काय ठाऊक आहे. या कायद्याच्या घडणीत आणि नोंदवहीच्या कल्पनेत पुण्याच्या डॉ. माधव गाडगीळांचा मोठा वाटा होता. त्याआधी, सत्तरच्या दशकात, त्यांनी आणि आघारकर संस्थेच्या डॉ. वा. द. वर्तकांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला होता. गाव आपणहून रान राखतं हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, डोंगर तुडवून पाहिलं होतं.

पण कायदा झाला आणि समित्या बनल्याच नाहीत. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं राज्यांना ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली आणि त्यानंतर महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. मग मात्र चक्रं फिरली. महाराष्ट्रात आज अशा समित्या २८ हजारांच्या घरात आहेत. तेवढ्याच नोंदवह्याही असतील. संख्या बघून समाधान मानायचं तर मानता येईल.

मुळशीतल्या एका गावात मी ती नोंदवही पाहिली आहे. कपाटातून काढून दिली, वरची धूळ झटकून. बाहेरच्या कुणाकडून तरी घाईत करून घेतलेली होती. पिंपळ, वड, कडुनिंब, चिमणी, कावळा, असं कोणत्याही गावाला चालेल असं सगळं त्यात होतं. गावातल्या एका आजींना मी ती वाचून दाखवली. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "यात शेवळं नाहीत. भारंगी नाही. चाईचा मोहर नाही. मग आमचं काय लिवलंय यात?" या सगळ्या रानभाज्या. त्यानंतर त्यांनी ओढ्याकाठची एक जागा सांगितली, जिथे पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळं उगवतात आणि जिथून आता रस्त्याचं रुंदीकरण जाणार होतं. ती जागा नोंदवहीत असती तर निदान कागदावर एक ओळ असती. ओळच नव्हती, त्यामुळे रुंदीकरणाला कशाचीच आडकाठी नव्हती.

तिथून परतताना मला वाटलं होतं, की नोंदवही चांगली झाली तर प्रश्न सुटेल. आता तसं वाटत नाही. चांगली नोंदवहीसुद्धा कपाटात राहिली तर तिचा उपयोग नाही. कायद्यातच एक फट आहे. जैविक संसाधनांच्या वापराबाबत निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरणानं आणि राज्य मंडळानं स्थानिक समितीशी सल्लामसलत केली पाहिजे, असं कलम ४१ सांगतं. म्हणजे एखादी कंपनी औषधी वनस्पती न्यायला आली तर समितीला विचारायचं. पण त्याच वनस्पतीच्या जागेवरून ग्रामपंचायतीचाच बांधकामवाला रस्ता नेणार असेल, तर त्यानं समितीला विचारावं असं कुठेही लिहिलेलं नाही. एकाच कार्यालयाच्या एका खोलीत नोंदवही आणि दुसऱ्या खोलीत इस्टिमेट, आणि मधल्या दारातून कागद कधी जात नाही.

म्हणून माझी मागणी एका पानाची आहे. महापालिका असो, नगरपालिका असो वा ग्रामपंचायत, कोणत्याही कामाच्या इस्टिमेटला पहिलं पान जोडलेलं असावं: या जागेबद्दल नोंदवहीत काय आहे, त्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाचं म्हणणं काय, समितीचं म्हणणं काय. त्या पानाशिवाय तांत्रिक मान्यता मिळू नये. पान विरोधात असेल तरी काम थांबलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. पण ते वाचून, त्यावर कारण लिहून पुढे जावं लागेल. जो अधिकारी लिहील, त्याची सही राहील.

याला पहिला आक्षेप येतो तो उशिराचा. आधीच फाइल सहा टेबलांवरून फिरते, त्यात सातवं कशाला? मला हा आक्षेप पटत नाही. पुण्यातल्या नदीकाठ सुधार प्रकल्पाकडे बघा. ४४ किलोमीटरचा काठ, साडेचार हजार कोटींहून मोठा खर्च, आणि हरित न्यायाधिकरणापासून रस्त्यापर्यंत वर्षानुवर्षं चाललेली भांडणं. उशीर कशानं होतो, सुरुवातीच्या एका पानानं की न विचारता पुढे गेल्यानं? येरवड्याजवळच्या नदीकाठाला आपण पिढ्यान्‌पिढ्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणत आलो. शाळेच्या सहली नेल्या. पण कायद्यानं ते अभयारण्य जाहीर झालेलंच नाही. लोकांच्या मनात असलेली आणि कागदावर नसलेली जागा आराखड्यात सगळ्यात आधी मोकळी दिसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्थानिकांना विचाराल तर ते रस्ताच मागतील, असं निसर्गप्रेमीच मला सांगतात. कधी कधी मागतीलही. महापालिकेत पूर्वीच समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, जवळपास ९७८ हेक्टरवर. २०१५ मध्ये राज्य सरकारनं ते मान्य केलं आणि जमीनमालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला. शहरातला मध्यमवर्ग टेकडी वाचली म्हणून आनंदला, मीही आनंदले. पण ज्याच्या आजोबांची ती जमीन आहे त्याला आठ टक्क्यांत काय मिळतं, हे आपल्यापैकी किती जणांनी त्याच्या ओट्यावर बसून ऐकलं? शहराला हवा पाहिजे, पाणी पाहिजे, आणि त्याची किंमत मोजायची शिवणे-बावधनच्या शेतकऱ्यानं. हा हिशेब नीट न मांडता संरक्षण लादलं की त्याच टेकडीवर रात्रीत पत्र्याच्या शेड उभ्या राहतात. विचारलं तर ते रस्ता मागतील ही भीती खरी असली, तरी न विचारल्यानं काय होतं ते आपण रोज बघतो आहोत. पश्चिम घाटाच्या समितीनं २०११ च्या अहवालात नेमकं हेच म्हटलं होतं, की निर्णय ग्रामसभेपर्यंत न्या. तो अहवाल लोकांवर निर्बंध लादणारा म्हणून रंगवला गेला आणि त्यातला ग्रामसभेचा भाग कुणी वाचलाच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

जिल्ह्याच्या उत्तरेला गेलं की हा प्रश्न जिवावर बेततो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर. उसात बिबट्या जन्मतो, उसात वाढतो. हल्ला झाला की लोक वनखात्याच्या गाडीसमोर आडवे होतात, पिंजरा लावा म्हणतात, आणि ज्याच्या घरातलं मूल गेलं त्याच्या संतापापुढे बोलायला कुणालाच तोंड नसतं. मलाही नाही. पण पिंजऱ्याचा अनुभव काय सांगतो? याच भागात पूर्वी बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचं आढळलं. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या त्यांच्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के.

आता हे कोडं सोडवा. बिबट्या वनखात्याचा. तो ज्या कुत्र्यांवर जगतो ती उकिरड्यावर पोसली जातात, आणि कचरा ग्रामपंचायतीचा. कुत्र्यांचं निर्बीजीकरण २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेचं. वस्तीवरचा दिवा ग्रामपंचायतीचा. शेतकऱ्याला रात्री पाणी द्यायला उसात जावं लागतं, कारण वीज रात्री येते, आणि ती महावितरणची. शौचालयाला वाट अंधारी आहे की उजेडाची, तेही पंचायतीच्याच हातात. एवढ्या साखळीतली एकच कडी वनखात्याकडे आहे, ती म्हणजे पिंजरा. आणि आपण सगळा राग आणि सगळा निधी त्या एका कडीवर ओततो. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात बिबट्या हा शब्द येतो का? यायला हवा. कचऱ्याच्या पैशांतून, दिव्याच्या पैशांतून बिबट्याचा प्रश्न जितका सुटेल तितका पिंजऱ्यानं सुटणार नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या ग्रामसभांना वनपाल खुर्ची घेऊन बसला आणि कोणत्या वस्तीवर काळोख आहे हे त्यानं लिहून घेतलं, तर पुढच्या वर्षीच्या आराखड्यात ते काम जाऊ शकतं. अर्थात त्या दिवशी त्याला शिव्याही खाव्या लागतील. त्या खाऊन बसणं हाही त्याच्या कामाचा भाग मानायला हवा.

असं बसल्यानं काय होतं ते इंदापूर-बारामतीकडे थोडंफार दिसू लागलं आहे. तिथल्या माळरानांना सरकारी कागदांनी कायम पडीक म्हटलं. पडीक म्हणून झाडं लावली, पडीक म्हणून प्लॉट पाडले. त्या पडिकात लांडगा, चिंकारा आणि खोकड राहतात. मयूरेश्वर अभयारण्य अवघं पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा हद्दीबाहेरच्या माळावर चरतो, आणि तो माळ धनगरांच्या मेंढ्यांचाही आहे. वनखात्यानं कडबनवाडी आणि शिर्सूफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली तेव्हा गावातल्याच तरुणांना वाटाडे म्हणून घेतलं. पर्यटनावर माझा फार विश्वास नाही. गाड्यांची रांग लागली की लांडगा निघून जाईल. पण माळाला किंमत आहे हे गावात उघडपणे बोललं जाऊ लागलं, आणि ते बोलणारा पुण्याहून आलेला पाहुणा नसून गावचाच पोरगा आहे, हा फरक मी लहान मानत नाही.

पुणे शहरात मात्र उलटं घडत गेलं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. गावं आली म्हणजे ग्रामपंचायती गेल्या, ग्रामसभा गेल्या, आणि त्यांच्या समित्याही. ज्या गावात ओढ्यावर कुणाचं म्हणणं असेल तर ते चावडीवर सांगता येत होतं, तिथल्या माणसाला आता क्षेत्रीय कार्यालयाचा जिना चढावा लागतो. त्यातच मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते. प्रशासकांच्या काळात कामं झाली असतील, पण प्रश्न विचारायला सभागृह नव्हतं. नदीचा, टेकडीचा, झाडांचा सर्वांत मोठा वाद ज्या काळात पेटला, नेमकी त्याच काळात शहराची स्थानिक संस्था लोकांविना चालत होती.

आता सभागृह परत आलं आहे. शहरात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेण्याची पद्धत रुजवली गेली. बाक, पदपथ, दिवे असं बरंच लोक मागत आले. कोणतं काम कुठे करू नये, हेही त्याच अर्जात सुचवता यायला हवं.

आमच्या भागात नाल्याकडेनं पदपथ करायचं ठरत होतं. इस्टिमेट व्हायचं होतं. आम्ही चौघीजणींनी दोन रविवार त्या नाल्यावरून चालून एक पान लिहिलं: कुठे उंबर आहे, कुठे खंड्याचं बीळ आहे, पावसात पाणी कुठपर्यंत चढतं, कोणत्या वळणावर काँक्रीट घातलं तर खालच्या वस्तीत पाणी शिरेल. अभियंता तरुण होता. त्यानं पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे बीळ नक्की कोणत्या बाजूला? मला दाखवाल?" दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो मोजपट्टी घेऊन नाल्यावर हजर होता.